मांडीच्या धमनीचा प्रश्न

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेत काही प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. मांडीचा रक्तपुरवठा हा त्यांतला एक. कधी तो फीमोरल त्रिकोणावरच्या दीर्घोत्तरी प्रश्नातून येतो, कधी प्रोफंडा फीमोरिसवर टीप लिहायला सांगतात, तर कधी तोंडी परीक्षेत हंटरच्या कालव्यातून काय काय जाते एवढेच विचारून परीक्षक पुढे सरकतात. उत्तरही ठरलेले असते. बाह्य इलियाक धमनी जांघेतल्या अस्थिबंधाखालून मांडीत उतरली की तिला फीमोरल धमनी म्हणायचे. ती वरच्या भागात चार छोट्या फांद्या देते आणि जांघेखाली जेमतेम दोन बोटांवर मागच्या-बाहेरच्या अंगाने प्रोफंडा ही मोठी खोल शाखा सोडते. प्रोफंडापासून मांडीच्या हाडाला आतून आणि बाहेरून वळसा घालणाऱ्या दोन सर्कम्फ्लेक्स धमन्या आणि स्नायू भेदून मागे जाणाऱ्या छेदक धमन्या निघतात. मूळ धमनी मांडीच्या खालच्या भागात स्नायूतल्या एका झरोक्यातून गुडघ्यामागे जाते आणि तिथे तिचे नाव बदलते. ही यादी विद्यार्थी घोकतात, आकृती काढतात, गुण घेतात आणि बहुतेक जण दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत ती विसरतात. माझे म्हणणे असे की या यादीतली जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची फांदी कुणा ना कुणा रोग्याच्या पायावरून अभ्यासक्रमात आली. परीक्षेने यादी जपली आणि रोगी गाळला. जिथे वैद्यकीय महाविद्यालय आता कुठे पोहोचते आहे, त्या वाशिम जिल्ह्यासारख्या ठिकाणी हा गाळलेला भाग परत आणण्याची गरज सर्वांत जास्त आहे.

वाशिमचे, आणि त्यातही पोहरादेवीचे नाव इथे घेण्याला कारण आहे. मानोरा तालुक्यातले हे गाव संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे देशभरच्या बंजारा समाजाची काशी मानले जाते. रामनवमीला तेलंगण, कर्नाटक, आंध्रापासून लोक इथे येतात. पण गेल्या दोनशे वर्षांत इथून वैद्यकीय शिक्षण किती लांब होते ते पाहिले पाहिजे. १८२६ साली मुंबईत जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळा निघाली आणि १८३२ मध्ये बंदही पडली, तेव्हा वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले तेव्हाही तेच. १८५३ च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि १९०३ मध्ये तो प्रांत मध्य प्रांताला जोडला गेला. तोवर ‘बासीम’ हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला आणि वाशिमचा भाग अकोल्यात मिसळला, तो थेट १ जुलै १९९८ ला वाशिम म्हणून पुन्हा उभा राहिला. नागपूरला १९१४ मध्ये रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले आणि १९४७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय झाले. यवतमाळचे महाविद्यालय १९८९ चे. त्याला नाव आहे वसंतराव नाईकांचे, म्हणजे पुसदजवळच्या गहुलीत जन्मलेल्या आणि १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री राहिलेल्या बंजारा नेत्याचे. अकोल्याचे २००२ चे. ५ ऑक्टोबर २०२४ ला पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले आणि त्यानंतर चारच दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे. त्या दहांत वाशिमचे एक होते. एका बाजूला तांड्याच्या स्मृतीला वास्तू मिळाली आणि दुसऱ्या बाजूला त्याच तांड्यातल्या मुलामुलींना मांडीची धमनी आपल्या जिल्ह्यात उघडून पाहण्याची सोय झाली. या दोन घटना एका आठवड्यात घडल्या हा योगायोग असेल, पण त्यांना एकत्र वाचण्यात काही चूक नाही.

मांडीतल्या रक्ताच्या वाटा धोक्याच्या आहेत हे ज्ञान युरोपातून आले असे कुणी समजू नये. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली आहेत आणि प्रत्येक हातापायात अकरा. त्यांतले ऊर्वी हे मर्म मांडीच्या मधोमध येते. ते विद्ध झाले तर रक्तक्षय होऊन पाय सुकतो, असे सुश्रुत सांगतो. त्याच्या वर, जांघेच्या सांध्याखाली मांडीच्या मुळाशी लोहिताक्ष आहे, आणि तिथली इजाही रक्त जाऊन अंग लुळे पाडते. दोन्ही सिरामर्मे मानली आहेत, म्हणजे घात रक्तवाहिनीचा आहे हे ओळखलेले आहे. आज जो विद्यार्थी फीमोरल त्रिकोणाचे शिखर आणि हंटरचा कालवा अशी जागा दाखवतो, त्याचे बोट ऊर्वीच्या फार लांब पडत नाही. यावरून काही जण लगेच असा निष्कर्ष काढतात की सगळे इथे आधीच ठाऊक होते आणि परीक्षेतला हा धडा उसना आहे. हा निष्कर्ष पुराव्याला झेपत नाही. सुश्रुताला घाव कुठे जीवघेणा ठरतो ते माहीत होते. पण रक्त हृदयातून निघून पुन्हा हृदयात येते हे विल्यम हार्वेने १६२८ मध्ये मांडेपर्यंत, बंद केलेल्या वाटेला वळसा घालून ते दुसरीकडून पुढे जाऊ शकेल का, हा प्रश्नच उभा राहत नव्हता. पाण्यात कुजवलेले प्रेत कूर्चीने थर काढत पाहण्याची सुश्रुताची पद्धत त्वचा, स्नायू, हाडे दाखवील, पण छेदक धमन्यांचे गुडघ्याशी जुळणारे जाळे तीत हाती लागणे अवघड. दोन परंपरांत ज्ञानाची उंची मोजण्यापेक्षा एक साम्य पाहावे. सुश्रुताचे मर्मही रोग्यापासून सुरू होते. आधी घाव, मग जागा, मग नाव.

युरोपीय शल्यविद्येचा हा विषय वऱ्हाडात प्रथम आला तो लष्कराबरोबर. नोव्हेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने अडगावला लढाई जिंकली आणि १५ डिसेंबरला गाविलगड सर केला. या मोहिमांत सैन्याला धान्य पुरवणारे बैलांचे तांडे बंजाऱ्यांचे होते. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात त्यांचा उल्लेख वारंवार येतो, कारण ते वेळेवर पोहोचले नाहीत तर फौज उपाशी राहत असे. त्या काळच्या लष्करी शल्यविशारदाला मांडीच्या धमनीविषयी एक गोष्ट पक्की माहीत असणे भाग होते: जांघेतून तिचा ठोका कुठे लागतो आणि ती हाडावर कुठे दाबता येते. गोळीने हाड फुटले की पाय कापायचा, आणि कापताना रक्त थांबवायचे ते १७१८ मध्ये झां लुई पेती याने काढलेल्या स्क्रूच्या टूर्निकेने. कमरेच्या हाडाचा पुढचा-वरचा काटा आणि प्यूबिक सांधा यांच्या बरोबर मध्यावर धमनी लागते, हे परीक्षेत सरफेस मार्किंग म्हणून विचारले जाणारे मोजमाप रणांगणावर माणूस वाचवण्याचे मोजमाप होते. पुढच्या काळात इंग्रज सत्तेने इथे ज्या वैद्यकीय शाळा काढल्या, त्यांमागेही फौजेला आणि सरकारी दवाखान्यांना स्वस्तात मदतनीस मिळावेत ही गरज मोठी होती. अभ्यासक्रमात हातापायांना जे प्रचंड वजन आहे, त्याचे एक मूळ मला इथे दिसते. त्या काळच्या शल्यविशारदाला पोट किंवा छाती उघडता येत नव्हती. भूल आणि जंतुनाशन येण्याआधी त्याचे खरे कार्यक्षेत्र हात आणि पाय एवढेच होते.

या क्षेत्रातले सगळ्यात निर्णायक पाऊल डिसेंबर १७८५ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात पडले. पंचेचाळीस वर्षांचा एक गाडीवान गुडघ्यामागे धडधडणारी गाठ घेऊन आला. धमनीची भिंत कमजोर होऊन फुगते, फुगा वाढत जातो आणि एक दिवस फुटतो. या ॲन्युरिझमने घोडेस्वार आणि गाडीवान तेव्हा बरेच दगावत. इलाज दोन होते. पाय मांडीतून कापायचा, किंवा गाठ उघडून तिच्या लगत धमनी बांधायची. दुसऱ्यात बांधलेली जागाच रोगट असल्याने टाका सुटे आणि रोगी रक्त जाऊन मरे. जॉन हंटरने वेगळा विचार केला. त्याने गाठीला हातच लावला नाही. मांडीच्या मध्यावर, सार्टोरियस स्नायूच्या आड, जिथे धमनी निरोगी असण्याची शक्यता जास्त, तिथे ती बांधली. त्याचा भरवसा होता तो फांद्यांवर. प्रोफंडा त्या जागेच्या वर निघते, तिच्या छेदक धमन्या मांडीच्या मागून खाली येतात आणि गुडघ्याभोवतीच्या छोट्या धमन्यांना मिळतात. मोठी वाट बंद झाली तर या आडवाटा रुंदावतील आणि पोटरीला रक्त मिळत राहील, हा त्याचा अंदाज होता. तो खरा ठरला. गाडीवान सुमारे सहा आठवड्यांनी चालत घरी गेला, पुन्हा कामाला लागला आणि १७८७ मध्ये तापाने वारला. हंटरने त्याचा पाय मिळवून तपासला. गाठ आकसून घट्ट झाली होती. तो नमुना आजही लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात आहे. विद्यार्थी ज्याला हंटरचा कालवा म्हणतात तो हाच भाग. ‘प्रोफंडाच्या छेदक धमन्या, तीन किंवा चार’ या ओळीला परीक्षेत अर्धा गुण असतो. त्या अर्ध्या गुणामागे एका गाडीवानाचा वाचलेला पाय आहे हे वर्गात सांगायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे दिली जात नाहीत.

हंटरनंतर ही साखळी पुढे गेली. इटलीत पाव्हियाच्या अंतोनिओ स्कार्पाने ॲन्युरिझमवर १८०४ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला आणि धमनी गाठण्याची जागा म्हणून मांडीच्या वरच्या त्रिकोणाला महत्त्व दिले. अनेक वर्षे विद्यार्थी त्याला स्कार्पाचाच त्रिकोण म्हणत. हंटरचा शिष्य ॲस्टली कूपर याने १८०८ मध्ये आणखी वर जाऊन बाह्य इलियाक धमनी बांधली. आता प्रोफंडाच्याही वर वाट बंद झाली होती, तरी पाय जगला. रक्त कुल्ल्यातल्या धमन्यांकडून आले. मांडीच्या मागे वरच्या भागात खालची ग्लुटियल, दोन सर्कम्फ्लेक्स आणि पहिली छेदक अशा चार धमन्या जिथे जुळतात, त्या क्रूसाकार जोडणीवर आज टीप विचारतात. ती टीप या शस्त्रक्रियेच्या अनुभवातून महत्त्वाची झाली. कूपरने पुढे मांडीच्या हाडाच्या मानेच्या मोडीवरही लिहिले. सांध्याच्या आवरणाच्या आत मान मोडली तर हाड जुळत नाही, कारण डोक्याला जाणारे रक्त तुटते, असे त्याने १८२२ च्या ग्रंथात मांडले. आतली सर्कम्फ्लेक्स धमनी डोक्याला पोसते हे वाक्य परीक्षेच्या दृष्टीने हुकमी का झाले, त्याचा माग इथपर्यंत लागतो.

आता महाराष्ट्राशी असलेला सर्वांत थेट दुवा. हंटरच्या त्याच सेंट जॉर्जेस रुग्णालयात सत्तर वर्षांनी दोन तरुण शवविच्छेदन करत होते: हेन्री ग्रे आणि हेन्री व्हॅनडाइक कार्टर. ग्रेने मजकूर लिहिला, कार्टरने चित्रे काढली आणि १८५८ मध्ये ‘ग्रेज् ॲनाटॉमी’ म्हणून जगभर ओळखला जाणारा ग्रंथ निघाला. त्यात ३६३ चित्रे होती. कार्टरने एक साधी पण मोठी गोष्ट केली. रचनेला बाणाने अक्षर जोडून खाली सूची देण्याऐवजी त्याने नाव त्या धमनीवर, त्या स्नायूवरच लिहिले. मांडीची धमनी पाहताना डोळा तिच्यावरून सरकतो आणि नावही त्याच ओघात वाचले जाते. वह्यांत आणि उत्तरपत्रिकांत आपण जी आकृती काढतो, तिच्यावर या रीतीची छाप अजून आहे. पुस्तक बाजारात येण्याआधीच कार्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन मुंबईला आला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवली, पुढे साताऱ्यात सिव्हिल सर्जन म्हणून काम केले, महारोगावर आणि पायाला गाठी येऊन वाहणाऱ्या मदुरा रोगावर संशोधन केले, उलटून येणाऱ्या तापाचे जंतू मुंबईच्या रोग्यांच्या रक्तात दाखवले. १८८८ मध्ये तो परत गेला. मूळ पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर त्याचे नाव ग्रेपेक्षा लहान टाईपात आहे आणि विक्रीतला वाटाही त्याला मिळाला नाही. आपल्या वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासात भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग या ग्रँट कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांचे स्मरण होते, ते व्हायलाच हवे. पण ज्या हाताने जगाला मांडीची धमनी काढून दाखवली, तो हात जे. जे. रुग्णालयाच्या आवारात खडू धरून उभा होता, ही गोष्ट मुंबईबाहेर क्वचितच सांगितली जाते. कार्टरच्या कामाकडे मी आदराने पाहतो तो आणखी एका कारणासाठी. चित्रकार म्हणून त्याला प्रेत पुरेसे होते. साताऱ्यात तो पुन्हा जिवंत पायांकडे वळला.

मग यादीतून रोगी कुठे गळाला? याचे उत्तर मला परीक्षेच्या व्यवस्थेत दिसते. इंग्लंडमध्ये १८१५ च्या अपोथेकरी कायद्याने परवान्यासाठी परीक्षा सक्तीची केली आणि १८५८ च्या मेडिकल ॲक्टने नोंदणीकृत डॉक्टर ही कायदेशीर गोष्ट झाली. ग्रेचा ग्रंथ त्याच वर्षीचा, आणि त्याचा मोठा गिऱ्हाईकवर्ग परीक्षार्थीच होता. हजारो उमेदवारांना एकाच मापाने मोजायचे तर मोजता येईल असे उत्तर हवे, आणि धमनीच्या फांद्या मोजता येतात. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि ही रीत इथे पक्की झाली. पुढे नागपूरच्या शाळेत, मग यवतमाळ, अकोल्यात आणि १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाल्यावर सगळ्या राज्यात तोच साचा चालू राहिला. प्रेत मिळण्याचीही व्यवस्था झाली. कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी १८३६ मध्ये शवविच्छेदन करून निषेध मोडला, आणि आपल्याकडे १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र अधिनियमाने बेवारस मृतदेह महाविद्यालयांना देण्याची वाट कायदेशीर केली. बेवारस मेलेला माणूस बहुधा गरीब, बहुधा घरापासून लांब कामाला आलेला. त्याचे शरीर टिकवण्यासाठी औषधी द्रव शिरवतात ते अनेक ठिकाणी जांघेतल्या फीमोरल धमनीतूनच. विच्छेदनाच्या टेबलावर विद्यार्थी मांडी उघडतो तेव्हा त्या धमनीवर आधीच एक छेद असतो. ज्याच्यावर हा छेद आहे त्याचे नाव कुणाला माहीत नसते, आणि परीक्षेला ते लागतही नाही. देहदान वाढले आहे ही चांगली गोष्ट, पण शिकण्यासाठी वापरलेल्या शरीरांचा मोठा हिस्सा आजवर अशाच लोकांचा होता, हे नोंदले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की हा सगळा इतिहास शिळा झाला आहे. गुडघ्यामागची गाठ आज जाळीदार नळी घालून बंद करता येते, सीटी अँजिओग्राफीत प्रत्येक फांदी पडद्यावर दिसते, मग प्रोफंडा किती सेंटिमीटरवर निघते हे कशाला पाठ करायचे? आक्षेपात तथ्य आहे, पण तो वाशिममध्ये लागू पडत नाही. एक तर ती नळी आत जाते ती याच धमनीतून. १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन इव्हार सेल्डिंगरने सुई आणि तारेने धमनीत शिरण्याची जी युक्ती काढली, तिचे सगळ्यात सरावातले दार जांघ हेच राहिले. दुसरे असे की रस्त्यावर पडलेल्या माणसाजवळ पडदा नसतो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला. तो वाशिम जिल्ह्यातून, कारंजा आणि मालेगावच्या बाजूने जातो. मांडीचे हाड मोडले की त्या एका मांडीतच लिटर-दीड लिटर रक्त साठू शकते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने जांघेतला ठोका आणि पावलावरचा ठोका ताडून पाहिला, मांडी फुगते आहे हे ओळखले आणि सलाइन चालू करून वेळेत पुढे पाठवले, तर फरक पडतो. पोहरादेवीच्या यात्रेत लाखोंच्या गर्दीत म्हातारी माणसे पडतात, आणि पडलेल्या म्हातारीची मांडीची मान मोडणे ही कोणत्याही गावातली नेहमीची गोष्ट आहे. तिला महिनाभर खाटेवर ठेवायचे की लगेच शस्त्रक्रियेला पाठवायचे, या निर्णयात आतली सर्कम्फ्लेक्स धमनी तुटली आहे का हा विचारही येतो.

आणि विदर्भाचे म्हणून एक दुखणे आहे, ज्याचा या धड्याशी संबंध जोडला जात नाही. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकल सेलविषयी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहिले. तेव्हापासून विदर्भातला या आजाराचा प्रसार वैद्यकाला माहीत आहे. विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मांडीच्या हाडाचे डोके अशाच बारीक, एकाच बाजूने येणाऱ्या वाहिन्यांवर जगते. त्यामुळे ते मरते. विशी-पंचविशीचा मुलगा लंगडत येतो, तो संधिवात म्हणून गोळ्या खात राहतो आणि खुबा बसून गेल्यावर मोठ्या गावी जातो. डोक्याला रक्त देणाऱ्या वाटा इतक्या थोड्या का, आणि आडवाटा तिथे मदतीला का येत नाहीत, हे ज्याने मांडीच्या धड्यातच नीट समजून घेतले, तो या मुलाचा एक्स-रे लवकर काढील. गाडीवानाचा पाय वाचला कारण आडवाटा होत्या. या मुलाचा खुबा जातो कारण त्या पुरेशा नाहीत. हीच दोन टोके शिकवली तर सगळी यादी अर्थपूर्ण होते, आणि त्यासाठी एकही जास्तीचे नाव पाठ करावे लागत नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. वेळ कुठे आहे? एके काळी शरीररचना दीड वर्ष शिकवली जाई. १९९७ च्या नियमांनी पहिले वर्ष खरोखर एका वर्षाचे केले आणि विच्छेदनाचे तास आटले. नव्या विद्यार्थ्याला आधी नावे आली पाहिजेत. नावांशिवाय हंटरची गोष्ट ही नुसती गोष्ट राहील. हे म्हणणे निम्मे बरोबर आहे. नावे आधीच हवीत. पण मेंदू नाव धरून ठेवतो ते कशाला तरी अडकवून, आणि रोग्याइतकी बळकट खुंटी दुसरी नाही. २०१९ पासून आलेल्या कौशल्याधारित अभ्यासक्रमाने पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला रुग्णाशी ओळख करून देण्याची तरतूद केली आहे. म्हणजे ही मागणी आता बाहेरच्या माणसाची राहिलेली नाही, ती नियमांत आहे. अडते ते परीक्षेत, कारण विद्यार्थी तेच वाचतो जे विचारले जाते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. परीक्षा यादी विचारते म्हणूनच ती न्याय्य आहे, असे म्हणता येते. बैलांवर मीठ आणि धान्य वाहणाऱ्या समाजाचा धंदा रेल्वेने मोडला. बंजाऱ्यांच्या अनेक गटांवर १८७१ च्या कायद्याखाली गुन्हेगारीचा शिक्का बसला, तो स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये निघाला. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या आरक्षणातून आणि सामायिक प्रवेश परीक्षेतून तांड्यातली मुले वैद्यकाला पोहोचली, ती गुणांच्या जोरावर. गुणपत्रिकेला आडनाव दिसत नाही. याउलट ‘समजून सांग’ म्हणणाऱ्या तोंडी परीक्षेत सफाईदार इंग्रजी बोलणारा शहरी मुलगा पुढे जातो आणि गोरबोलीत वाढलेली मुलगी अडखळते, जरी तिला उत्तर येत असले तरी. हा धोका खरा आहे. म्हणून मी परीक्षा सैल करा, गुण परीक्षकाच्या मर्जीवर सोडा असे म्हणत नाही. लेखी आणि काटेकोर गुणदान असलेली परीक्षा राहावी, आणि तिच्यातच प्रश्न बदलावा. रोगी मांडलेला प्रश्नही ठरलेल्या मुद्द्यांनी तपासता येतो. उलट तांड्यावरच्या विद्यार्थ्याला तिथे फायदाच आहे. खुबा दुखणारी आजी, उसाच्या ट्रॉलीखाली मांडी आलेला मजूर त्याने पाहिलेला असतो. त्याला ठाऊक असलेले जग पहिल्यांदाच उत्तरपत्रिकेत उपयोगी पडते.

असा प्रश्न कसा असेल याचा एक नमुना देतो. मानोरा तालुक्यातल्या पासष्ट वर्षांच्या बाई अंगणात पडल्या. उजवा पाय आखूड आणि बाहेर वळलेला आहे, मांडीच्या हाडाची मान सांध्याच्या आवरणाच्या आत मोडली आहे. पहिल्या उपप्रश्नात डोक्याला रक्त देणाऱ्या धमन्यांची आकृती नावांसह काढायची. दुसऱ्यात त्यांतली कोणती तुटण्याची शक्यता सर्वांत जास्त आणि का, ते लिहायचे. तिसऱ्यात हीच धमनी निरोगी असूनही सिकल सेलच्या रुग्णाचे डोके का मरते ते सांगायचे. चौथ्यात त्या बाईंच्या मुलाला, त्याला कळेल अशा मराठीत किंवा गोरबोलीत, शस्त्रक्रिया लवकर का हवी हे चार वाक्यांत लिहायचे. पहिल्या भागात जुनी यादी जशीच्या तशी आहे. ज्याने नुसते पाठ केले त्यालाही तिथले गुण मिळतील. दहापैकी चार त्याला द्यावेत. उरलेले सहा ज्याने ते पाठांतर त्या बाईंच्या पायाशी नेले त्याचे.